‘नुसता नंबरचा खेळ’? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

चीनच्या ‘सनवे तैहूलाइट’ महासंगणकावरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया दिलीत. तुमचे आक्षेप तीन. त्यातली चिप म्हणजे जुन्या अमेरिकी ‘अल्फा’ प्रोसेसरची नक्कल, अमेरिकेने बंदी घातल्यावर घाईघाईत उरकलेली. ही सगळी शर्यत म्हणजे जगातल्या वेगवान महासंगणकांच्या यादीतल्या नंबरचा खेळ. आणि १९९१ मध्येच आपण पुण्यात स्वदेशी चिपवर ‘परम’ महासंगणक उभा केला, तर मला चीनचाच पुळका का?

पुळक्याचं आधी घेतो. परम ८००० मध्ये स्वदेशी चिप नव्हती. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर, म्हणजे एकमेकांना जोडता येणारे प्रोसेसर, होते. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक या सरकारी संस्थेने केलं ते काम वेगळं होतं: ते ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडायचे आणि एकच मोठं गणित सगळ्यांना वाटून द्यायचं. अमेरिका आपले क्रे महासंगणक द्यायला खळखळ करत होती, त्या काळात हे काम मोठंच होतं. चिप आपली नव्हती म्हणून ते तसूभरही कमी होत नाही. (अलीकडच्या परम रुद्र महासंगणकाचंही तेच आहे. सर्व्हर आपला, प्रोसेसर इंटेलचा.)

आता नक्कल. शेनवेई या चिनी चिप-मालिकेतल्या सुरुवातीच्या चिपांचं अल्फाशी नातं जोडलं जातं, हे खरं. पण तैहूलाइटच्या एसडब्ल्यू२६०१० या शेनवेई चिपमध्ये २६० कोअर (स्वतंत्र गणनाघटक) आहेत, चार गटांत. प्रत्येक गटात ६४ कोअर गणित करणारे आणि एक त्यांच्यावर देखरेख करणारा. गणित करणाऱ्या कोअरला डेटासाठी नेहमीची कॅश (लागणारा डेटा आपोआप जवळ ठेवणारी मेमरी) नाही, फक्त ६४ केबी स्थानिक मेमरी. कुठला डेटा कधी आणायचा हे प्रोग्रॅमरनेच ठरवायचं. अल्फात असलं काही शोधून सापडणार नाही. आणि घाईचं म्हणाल, तर चार चिनी केंद्रांना इंटेलच्या चिपा देणं अमेरिकेने थांबवलं २०१५ मध्ये. चीनमधल्या जिनानचा ‘ब्लूलाइट’ महासंगणक त्याआधी चार वर्षं शेनवेई चिपांवर चालत होता.

नंबरच्या बाबतीत मात्र तुमची शंका अगदीच बिनबुडाची नाही. जून २०१६ मध्ये तैहूलाइट ९३ पेटाफ्लॉप्स (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज आकडेमोडी) दाखवून पहिला आला, तो लिनपॅक या चाचणीवर. तिथे एकदा आणलेला डेटा पुन्हा पुन्हा वापरता येतो, त्यामुळे मेमरी हळू असली तरी झाकलं जातं. एचपीसीजी नावाच्या दुसऱ्या चाचणीत सतत मेमरीकडे धाव घ्यावी लागते. हवामानासारखी पुष्कळशी खरी गणितं हिच्याच जवळची. तिथे त्याच महिन्यात तैहूलाइटला ०.३७ पेटाफ्लॉप्स मिळाले आणि जपानच्या २०११ च्या ‘के’ महासंगणकाला ०.५५. लिनपॅकवर हा ‘के’ साडेदहाचा गडी!

का, ते चिपकडे बघितलं की कळतं. तैहूलाइटची एक चिप कागदावर तीन टेराफ्लॉप्सची (टेरा म्हणजे पेटाचा हजारावा भाग). जपानच्या फुगाकू महासंगणकाची ए६४एफएक्स चिपही साधारण तेवढीच. मेमरी दोघींनाही ३२ जीबी. पण चिनी चिपला त्या मेमरीतून सेकंदाला १३६ जीबी मिळतात आणि जपानी चिपला १०२४. स्वयंपाकी तितकेच तरबेज, पण एकाच्या घरात नळाला करंगळीएवढी धार. फुगाकू २०२० मध्ये दोन्ही चाचण्यांच्या याद्यांत पहिला आला तो उगाच नाही.

तरीही ‘नुसता खेळ’ म्हणायला मी तयार नाही. त्या करंगळीएवढ्या धारेवर चिनी गटांनी वातावरणाच्या हालचालींचं गणित बसवलं आणि महासंगणकावरच्या कामासाठीचं २०१६ चं गॉर्डन बेल पारितोषिक घेतलं. पुढच्या वर्षी चीनमधल्या तांगशानच्या १९७६ च्या भूकंपाचं गणित मांडून पुन्हा घेतलं. हे पारितोषिक यादीतल्या नंबरला नसतं, यंत्रावर करून दाखवलेल्या कामाला असतं. माझं कौतुक होतं ते या प्रोग्रॅमरांचं. चिपवर शिक्का कुठल्या देशाचा, हे मला त्यानंतरचं वाटतं.

शिवाय शिक्का तपासायला बसलात तर फुगाकूचीही पंचाईत होईल. चिपचा आराखडा फुजित्सूचा, सूचनासंच (चिपला समजणाऱ्या आज्ञांची भाषा) ब्रिटिश आर्म कंपनीचा, आणि चिप घडवली तैवानच्या टीएसएमसीने. सी-डॅकच्या ‘ऑम’ प्रोसेसरची वाटही तीच: आर्मचे ९६ कोअर, टीएसएमसीचं ५ नॅनोमीटर तंत्र. बातम्यांनी ‘स्वदेशी’ हा मथळा केला. मी आधी मेमरीचा रकाना शोधला. तिथे एचबीएम लिहिलेलं आहे, म्हणजे फुगाकूच्याच जातीची जलद मेमरी. ऑमवर लिहीन तेव्हा भांडायला जरूर या.