पेत्राचा नकार राहूनच गेला

येशूने शिष्यांचे पाय धुतल्याच्या प्रसंगावरून सेवेबद्दलच्या या लेखात 'सेवा म्हणजे नम्रपणे देत राहणं' असं म्हटलंय. पण बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या 13व्या अध्यायातला पेत्र हा शिष्य त्यात कुठेच नाही. तो पाय पुढे करायलाच तयार नव्हता! धुऊ दिले नाहीस तर तुझा माझ्याशी वाटा नाही, असं येशूला त्याला बजावावं लागलं. शेवटी शिष्यांनी एकमेकांचे पाय धुवावेत असं त्याने सांगितलं, म्हणजे कधीतरी आपलेही पाय दुसऱ्याच्या हातात द्यावे लागणारच.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आजारी माणसांना बघायला मी जाते. अंथरुणाला खिळलेल्याला कुशीवर वळवून खालची चादर कशी काढायची, हे सरावाने जमतं. जड जातं ते त्या माणसाला. भिंतीकडे तोंड करून 'राहू दे गं, कशाला' असं पुटपुटत असतो. जन्मभर इतरांसाठी धावलेली माणसं तर जास्तच कानकोंडी होतात. त्यांना घेण्याची सवयच नसते (आणि खरं सांगायचं तर देण्यात थोडा मोठेपणाही मिळतो, तो सुटत नाही).

पात्रता बघून सेवा करू नये, हे मात्र लेखकाने नेमकं लिहिलंय. पाय धुतले गेले त्यांत येशूला दगा देणारा यहूदाही होता. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन 12 जणांचे पाय धुतले, त्यांत मुली होत्या, मुस्लिमही होते. तेव्हा चर्चमधल्याच काहींच्या भुवया उंचावल्या होत्या.