आई काळजात असते, मग कागदावर का नको?

आईचं वर्षश्राद्ध झालं त्याच आठवड्यात चुलतभावाला मुलगा झाला आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदावर कसं लिहायचं, हे ठरलेलं आहे: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. ग्रुपवरच्या बहुतेकांना ते रुचलेलं नाही. "ही सगळी पाश्चात्त्य खुळं," एका काकांनी लिहिलं. "आई काळजात असते, तिला कागदावर कशाला आणायचं?" मी विरोध केला, तर "तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस" असं ऐकावं लागलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी आई निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. गोदाकाठी जन्मली म्हणून तिच्या वडिलांनी तिला नदीचं नाव दिलं होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने दुसरंच नाव लिहिलं गेलं, माझ्या आजोबांच्या पसंतीचं. नोकरी, पेन्शन, रेशनकार्ड, सगळं त्या नावावर. पहिल्या नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून गेली, आणि शेवटच्या काही वर्षांत ते नाव ऐकू येणंच थांबलं.

१९९१ च्या जनगणनेचं काम तिच्याकडे आलं होतं. ते दिवस ती फार रंगवून सांगायची. घरात कोण कोण, असं विचारलं की ओट्यावर बसलेला कारभारी स्वतःचं, बापाचं, पोरांचं नाव धडाधड सांगे आणि बायकोपाशी आला की "ही आमची मंडळी" म्हणून थांबे. आईने मग एक रीत पाडली. त्याचं बोलणं संपलं की ती आत जायची, प्यायला पाणी मागायची आणि बाईलाच नाव विचारायची. काही जणी लाजायच्या, काही आधी बाहेर बघायच्या. एका म्हातारीने विचारलं, "कोणतं सांगू बाई, माहेरचं की इथलं?" आई म्हणाली, "दोन्ही सांगा, मला ऐकायचंय." म्हातारी तिला चहा पाजल्याशिवाय सोडायला तयार होईना. काळजात असण्याच्या गोष्टी करणाऱ्यांनी त्या म्हातारीला विचारावं, तिला काय हवं होतं.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. बँकेत फोन केला की ओळख पटवायला आईचं माहेरचं आडनाव विचारतात. माझ्या दोन्ही मुलींच्या जन्मदाखल्यावर त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव आहे. लग्नाच्या नोंदीत मात्र इथेही १८३७ पासून फक्त बापाचंच नाव लिहीत. मे २०२१ मध्ये आयांची नावं आली. त्यावरून कुणाचं घर मोडल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आई इथे उन्हाळ्यात यायची. थेम्सकाठी फिरायला गेलो की प्रत्येक बाकावरची पितळी पाटी नातीला वाचायला लावायची. बाईचं नाव, खाली जन्म-मृत्यूची वर्षं, त्याखाली 'लाडकी आई आणि आजी'. नात मराठी करून सांगायची, मग आई त्या बाईला "बसते हं" म्हणून टेकायची. ती गेली तेव्हा गावात फ्लेक्स लागला. त्यावर तिच्या नावापेक्षा शोकाकुल पुढाऱ्यांची नावं मोठी होती. हे लिहिलं की घरच्यांना राग येतो. येऊ दे.

आणि पाश्चात्त्य म्हणजे काय? नाशिकला पांडवलेण्यात आई दरवर्षी शाळेची सहल न्यायची. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला शिलालेख आहे. ते लेणं तिने भिक्षूंना दान दिलं. त्यात ती स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. ज्यांच्या नाण्यांवर आणि लेखांवर आईचं नाव होतं, ते राजे आपल्याच मातीतले. आई पोरांना लेण्यासमोर उभं करून एकेकाला आईचं नाव मोठ्याने सांगायला लावायची.

तरी मी इतक्या तावातावाने भांडतोय ते केवळ तत्त्वापोटी नाही, हे मला दिसतं. माझ्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव होतं. इथलं नागरिकत्व घेतलं, तो पासपोर्ट रद्द झाला. नव्या पासपोर्टवर आईबापांपैकी कुणाचंच नाव नाही. घर भावाकडे आहे, आणि ते योग्यच आहे. तिचं आजारपण त्याने आणि वहिनीने काढलं. पण नाशिकला उतरल्यावर आता कुणाकडे जायचं, याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. गावात मला अजूनही माझ्या नावाने फार थोडे ओळखतात. बाजारात कुणी थांबवलं तर विचारतं, "तुम्ही बाईंचे चिरंजीव ना?" तेवढ्या ओळखीवर मी तिथला आहे. ती ओळख काळजातली म्हणून सोडून द्या, असं कुणी सांगितलं की मला सहन होत नाही.

वर्षश्राद्धाला गुरुजींनी आई, आजी, पणजी अशी नावं विचारली. भावाने सासरची नावं घडाघडा सांगितली. मुली व्हिडिओ कॉलवर ऐकत होत्या. थोरलीने नंतर विचारलं, आजीच्या आईचं काय, आणि तिच्या आईचं? आता आम्ही एक कागद केलाय. बायकोच्या बाजूने चार पिढ्यांची माहेरची नावं मिळाली. माझ्या बाजूला आईच्या आईपाशी अडलो आहोत. येवल्याला आईची मावसबहीण आहे, ऐकायला कमी येतं, पण आठवण पक्की आहे. रविवारी वहिनी तिच्या घरी जाऊन फोन लावून देणार आहे.