गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या आमच्या पायी फेरीला मिळालेल्या एका ताऱ्याच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय परवाच वाचला. वाचून राग आला, म्हणून दोन दिवस थांबलो.

आधी तुमच्या आईंबद्दल. बांधावर त्यांचा पाय घसरला, ही चूक पूर्णपणे आमची. जाहिरातीत ‘सोपी वाट, कोणालाही जमेल’ असं लिहिलं होतं. हिवाळ्यात ते खरं असतं, जुलैत नाही. ताजा चिखल लावून दुरुस्त केलेला बांध पावसात साबणासारखा होतो. हे मला ठाऊक होतं, तरी ती ओळ बदलली नव्हती. आता बदलली आहे. जून ते सप्टेंबर आम्ही बांधावरून न जाता गावातल्या डांबरी रस्त्याने जाणार आहोत. आईंचे बाराशे रुपये परत पाठवतो. गुडघा कसा आहे तेही कळवा.

बेटावरच्या पियेदाद गावातलं चर्च बंद होतं, म्हणून ‘मुख्य गोष्टच दाखवली नाही’ असं तुम्ही म्हणता. सकाळची मिस्सा (प्रार्थना) संपली की दार बंद होतं. किल्ली आमच्याकडे नसते आणि नसावीही. पण बुकिंगच्या वेळी हे सांगायला हवं होतं, तेवढं मान्य.

दफनभूमीत ‘गाइड उद्धटपणे बोलला’, हे मात्र मान्य नाही. मी त्याला विचारलं. एक बाई कबरीपाशी मेणबत्ती लावत होत्या, तुम्ही त्यांचा व्हिडिओ काढत होतात, आणि त्याने फोन खाली घ्यायला सांगितलं. तो बरोबर वागला. तुम्हाला तिथे नेलं होतं ते लहान चॅपेल दाखवायला. जुन्या देवळाचा उरलेला भाग म्हणजे हे चॅपेल, असं जाणकार मानतात. माझं गाव नदीपलीकडचं, डिचोलीतलं नार्वे. आमचा सप्तकोटेश्वर मुळात या दिवाडीचा, कदंब राजांचं कुलदैवत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी त्याचं देऊळ पाडलं, तेव्हा देव नदी ओलांडून आमच्याकडे आला. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ नव्याने बांधून घेतलं. ज्या बेटावरून आमचा देव आला, तिथे मी लोकांना चर्चपासून चालायला सुरुवात करायला लावतो. माझ्या आजीला हे कळलं असतं तर ती काय म्हणाली असती, देव जाणे.

आता तुमचं ते वाक्य: ‘दोन तास चिखलातून चालून शेवटी जिथून निघालो तिथेच आलो.’ हो, फेरी गोल आहे, तसं लिहिलंही आहे. पण तो चिखल म्हणजे खाजन, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन. समुद्राची भरती मांडवी नदीतून इथवर येते, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून हे बांध. त्यात जी लाकडी दारं तुम्ही पाहिलीत, ती मानस. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. माणसाला हात लावावा लागत नाही. जुलैचा पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन काढतो, तेव्हाच कोरगुट, म्हणजे खाऱ्या जमिनीत तगणारं भात, उभं राहतं. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून हे असंच चालू आहे. तुम्ही पाऊण तास त्या मानशीपाशी उभे होतात. ‘गाइड मातीवर भाषण देत होता’ असं लिहिलंत, तो हेच सांगत असणार. जरा लांबवतो, ते खरं.

‘फेरीबोट फुकट, चर्च फुकट, मग बाराशे कसले?’ पायी जाणाऱ्याला फेरीबोटीचं तिकीट लागत नाही, आणि जुन्या गोव्याकडून उतरलात की रस्ता शेतांमधून सरळ पियेदादला जातो. आमच्याशिवायही जाता येतं, जरूर जा. बाराशेत वाटाड्याची मजुरी आणि उकड्या तांदळाची पेज येते. पेजेबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणजे ती बरी झाली असावी.

आईंना पुन्हा आणायचं असेल तर जानेवारीत आणा. बांध तेव्हा सुकलेला असतो. पैसे परत कुठल्या खात्यात टाकायचे तेवढं आमच्या बुकिंगच्या नंबरवर कळवा, इथे खाली लिहू नका.