गुलाबी टर्मिनल आणि माझी कुलपं

लॅबमधल्या तीसच्या तीस संगणकांवर टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) एकाच रंगाचं, एकाच फॉन्टचं दिसावं, अशी आशा धरणाऱ्याला कागदोपत्री सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणतात. मी त्याला भाबडा म्हणतो, आणि त्यात स्वतःलाही धरतो.

लिनक्सवरच्या ग्नोम टर्मिनलच्या आवडीनिवडी डीकॉन्फ नावाच्या सेटिंग्जच्या कोठारात असतात. ईटीसी या सिस्टिमच्या सेटिंग्जच्या फोल्डरातल्या डीकॉन्फच्या 'प्रोफाइल' फोल्डरात 'यूजर' नावाची फाइल करायची. तिच्यात दोन ओळी: वर यूजर-डीबी (वापरणाऱ्याची सेटिंग्ज), खाली सिस्टिम-डीबी (आपली). मग डीकॉन्फच्याच 'लोकल डॉट डी' फोल्डरातल्या फाइलीत फॉन्ट, रंग, स्क्रोलबॅकच्या, म्हणजे वर सरकवून वाचता येणाऱ्या जुन्या, ओळी (मुळात १०,००० असतात) लिहायच्या. झालं? छे. वरची ओळ जिंकते, म्हणजे वापरणाऱ्याचं म्हणणं चालतं. आपण लिहिलं तो नुसता वडीलधाऱ्यांचा सल्ला.

सक्तीसाठी त्याच फोल्डरात 'लॉक्स' नावाचा फोल्डर. त्यातल्या फाइलमध्ये प्रत्येक सेटिंगचा अख्खा मार्ग, एका ओळीला एक. मार्गात टर्मिनलच्या प्रोफाइलचा (फॉन्ट-रंगांच्या एका संचाचा) ३६ अक्षरी क्रमांक येतो; तो पाठ करू नये, कॉपी करावा. मग रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, होऊन 'डीकॉन्फ अपडेट' ही आज्ञा. हे राहिलं तर काहीच बदलत नाही आणि कोणी तक्रारही करत नाही, कारण टर्मिनल तुमची सुवाच्य फाइल वाचतच नाही. ते वाचतं या आज्ञेने तयार होणारी, यंत्रालाच वाचता येणारी बायनरी फाइल. दुपारच्या दुपारी इथेच जातात.

आता फॉन्टचं बटण राखाडी झालं. छान. पोरगं शेजारचं अधिकचं चिन्ह दाबतं आणि नवं प्रोफाइल जन्माला घालतं. नवं प्रोफाइल, नवा क्रमांक, आणि आपली कुलपं जुन्याच क्रमांकाच्या दाराला! म्हणून प्रोफाइलांची यादी ठेवणारी 'लिस्ट' आणि नेहमीचं प्रोफाइल ठरवणारी 'डीफॉल्ट', या दोन्ही सेटिंग्जना आधी कुलूप घालायचं. हे दोन राहिले तर बाकीची वीस कुलपं म्हणजे गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्ली तिथेच खिळ्याला.

तरी कंट्रोल आणि अधिक दाबलं की अक्षर फुगतंच. झूम तेवढ्यापुरता असतो, फॉन्टच्या सेटिंगला तो हातही लावत नाही. कुलूप मग अडवणार कशाला?

रंगाचं दुखणं याहून खोल. टर्मिनलचं कामच मुळी आत चाललेल्या प्रोग्रॅमचं ऐकणं. 'प्रिंटएफ' या मजकूर छापणाऱ्या आज्ञेने एस्केप, मिटता चौकटी कंस, ११, अर्धविराम, रंगाचा आकडा आणि शेवटी बेल हे अक्षर पाठवलं की पार्श्वभूमी गुलाबी. डीकॉन्फला याचा पत्ताही नसतो; तिकडे चौकशी केली तर रंग काळाच आहे म्हणून सांगतं, आणि ते खोटंही नाही.

खिडकी बंद करून नवी उघडली की सगळं जाग्यावर येतं, एवढाच काय तो दिलासा. तोही त्या पोराने तीच ओळ आपल्या बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताना दरवेळी आपोआप चालणाऱ्या फाइलीत, टाकेपर्यंत. ती फाइल त्याच्या होम फोल्डरात, त्याच्या मालकीची.