'नावं आधीच ठरलेली असतात' या प्रतिक्रियेला उत्तर

विज्ञान पुरस्काराच्या निवड समितीत मी बसते, त्याबद्दलच्या माझ्या मागच्या लेखावर 'एक जाणकार' या नावाने तुम्ही लिहिलंय, "निवड समितीत सगळे एकमेकांच्या ओळखीचे असतात, नावं आधीच ठरलेली असतात, मीटिंग हे नुसतं नाटक, तुमच्यासारख्यांना फक्त मान डोलवायला बोलावतात." शिवाय ज्यांची निवड होत नाही त्यांना कारणं का कळवत नाहीत, बायकांची नावं इतकी कमी का आणि मानपत्रं सगळी एका साच्यातली का, हेही विचारलंय.

मानपत्रांबद्दल तुमचं बरोबर आहे. 'मोलाचे योगदान' वाचून त्या माणसाने नेमकं काय केलं ते कुणालाच कळत नाही. मान्य.

पण 'मान डोलवायला'? मतभेदाला माझी अजिबात ना नाही, पण जिला तुम्ही कधी भेटला नाहीत, जिच्यासोबत एकाही मीटिंगला बसला नाहीत तिच्याबद्दल हे इतक्या खात्रीने कसं लिहिता? विषय विज्ञानाच्या पुरस्काराचा आहे ना, मग पुरावा द्या की. 'सगळ्यांना माहीत असतं' हा पुरावा होत नाही.

मीटिंगमध्ये काय होतं ते सांगते. फाइली आधीच घरी आलेल्या असतात, प्रत्येकीत नामांकनाचं पत्र, निवडक पेपर म्हणजे शोधनिबंध आणि शिफारसपत्रं, आणि ही शिफारसपत्रं वाचायलाही सवय लागते, कारण नुसती विशेषणं भरलेलं पत्र काही कामाचं नसतं, 'याने हे मोजलं आणि त्यामुळे आम्हाला आमचं मॉडेल बदलावं लागलं' असं एक वाक्य सापडलं तर ते सोनं. एका वर्षी शेवटी दोन नावं उरली. एकाचे पेपर ढीगभर, एच-इंडेक्स (किती पेपरांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला यावरून काढलेला आकडा) दणदणीत, अध्यक्षांचा कलही उघड त्याच्याकडे. दुसऱ्याचे पेपर मोजके, पण त्याने बांधलेला डिटेक्टर, म्हणजे मोजमापाचं उपकरण, वापरून इतर लोकांनी मोठी कामं केलेली. मी विचारलं की हे काम झालंच नसतं तर आज या विषयात नेमकं काय अडलं असतं? पहिल्या नावाबद्दल कुणालाच धड सांगता येईना. मग एका सदस्याने दुसऱ्याच्या पेपरातला पद्धतीचा भाग उघडून मोठ्याने वाचला, पार कॅलिब्रेशनच्या, म्हणजे उपकरण अचूक मोजतं का ते तपासण्याच्या, आकड्यांपर्यंत, त्यावर भांडण म्हणावं इतकी चर्चा झाली आणि निकाल फिरला. आधी ठरलेलं असतं तर हे सगळं कशाला झालं असतं?

आणि ओळखीचं म्हणाल तर माझ्याच विद्यार्थ्याचं नाव एकदा यादीत आलं होतं. मी ते सांगून बाहेर जाऊन बसले, आत काय बोलणं झालं ते आजपर्यंत कुणाला विचारलं नाही, आणि त्याला तो पुरस्कार मिळाला नाही. तुमच्या हिशोबाने मिळायला हवा होता, नाही का?

छोट्या विषयात सगळे एकमेकांना ओळखणारच, कारण काम ज्यांना कळतं ती माणसंच तेवढी असतात. मग बाहेरचे आणायचे का? 1921 साली नोबेलच्या भौतिकशास्त्र समितीत अल्वार गुलस्ट्रँड होते, डोळ्याच्या प्रकाशविज्ञानातले मोठे तज्ज्ञ, त्याबद्दल 1911 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेले. त्यांनी आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताच्या विरोधात अहवाल लिहिला, त्या वर्षी पुरस्कार कुणालाच दिला गेला नाही, आणि 1922 मध्ये 1921 चा म्हणून आइनस्टाइनना दिला तोही सापेक्षतेसाठी नव्हे, तर प्रकाशविद्युत परिणामाच्या (प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात त्याच्या) नियमासाठी. म्हणजे माणूस विद्वान होता, पण विषय त्याचा नव्हता.

समित्या चुकतात, हे मी कधीच नाकारलं नाही. भौतिकशास्त्रज्ञ लीझे माइटनर यांचं नाव नोबेलसाठी जवळजवळ 50 वेळा सुचवलं गेलं, तरी अणुविखंडनाचं, म्हणजे अणूचं केंद्र फुटतं या शोधाचं, श्रेय म्हणून 1944 चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या ओटो हान यांना गेलं. याचा मला आजही राग येतो. योहानेस फिबिगर यांना 1926 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्या शोधासाठी मिळालं, की एका जंतामुळे उंदरांना कॅन्सर होतो, तो तर पुढे टिकलाच नाही. पण चूक वेगळी आणि नाटक वेगळं! नोबेलची कागदपत्रं 50 वर्षांनी खुली होतात, त्यात कुणी कुणाचं नाव सुचवलं, समितीच्या अहवालांत कुणाच्या कामाबद्दल काय म्हटलं, ते सापडतं. नाटक करणारे स्वतःविरुद्ध इतकी कागदपत्रं जपून ठेवत नाहीत हो.

बाकीच्या दोन प्रश्नांवर फार लिहीत नाही. कारणं कळवली तर शिफारसपत्रांची गोपनीयता राहत नाही आणि मग कुणीच खरं लिहिणार नाही. बायकांची नावं कमी असतात कारण नामांकनंच कमी येतात, समिती आलेल्या नावांतूनच निवडते. तुम्ही स्वतः कधी एखाद्या बाईंचं नामांकन पाठवलंय? त्यांचे पेपर वाचून, लोकांकडून शिफारसपत्रं मिळवून, अंतिम तारखेच्या आत? मी पाठवलीत, आणि त्यातली काही नाकारलीही गेलीत, पण म्हणून मी कुणाला नाटकी म्हटलं नाही.

यावर अजून बोलायचं असेल तर जरूर बोला, पण स्वतःच्या नावाने. 'एक जाणकार' म्हणून पुन्हा असंच काही आलं तर मी ते इथे ठेवणार नाही.