बिल रसेलचे न मोजलेले ब्लॉक

बास्केटबॉलमध्ये सर्वांत भारी कोण, जॉर्डन की लेब्रॉन, हा वाद काल आमच्या ग्रुपवर पुन्हा रात्री दोनपर्यंत रंगला. दोघांचे पॉइंट्स निघाले, विजेतेपदाच्या अंगठ्या मोजून झाल्या. बिल रसेलचं नाव एकानेही घेतलं नाही. मला ते लागलं, म्हणून इथे लिहितोय.

1956 ते 1969, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये बोस्टन सेल्टिक्स संघाकडून 13 हंगाम आणि त्यात 11 विजेतेपदं. मालिकेच्या निर्णायक सातव्या सामन्यात तो 10 वेळा उतरला, दहाही वेळा जिंकला. सरासरी गुण मात्र 15.1, आणि तो आकडा बघून लोक पुढे सरकतात.

त्याचा खेळ होता आपल्या बास्केटखाली. ब्लॉक करताना, म्हणजे समोरच्याने बास्केटकडे टाकलेला चेंडू हवेतच अडवताना, बरेच उंच खेळाडू चेंडूला सणसणीत फटका मारून प्रेक्षकांत घालवतात. टाळ्या पडतात, पण चेंडू परत समोरच्याच संघाला मिळतो. रसेल डाव्या हाताने तो हलकेच आपल्या माणसाकडे वळवायचा. तिथून त्याचा सहकारी बॉब कूझी सुटला की समोरचे मागे फिरेपर्यंत पलीकडे बास्केट झालेली असायची. आणि यातल्या एकाही ब्लॉकची अधिकृत नोंद नाही! एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली 1973-74 च्या हंगामात.

मी शाळेत कबड्डीला डावा कोपरा सांभाळायचो. पकड पहिल्यांदा कुणी घातली हे गुणपत्रिकेत दिसत नाही, पण सोबतच्या सहा जणांना पक्कं माहीत असतं. 1961-62 मध्ये प्रतिस्पर्धी संघाच्या विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी 50.4 गुण केले, एकदा तर एकाच सामन्यात 100. तेव्हा एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, खेळाडूंच्याच मतांनी ठरायचा. त्यांनी निवडलं रसेलला. त्याच्यासमोर खेळून घाम गाळणाऱ्यांचं हे मत मला आजच्या कुठल्याही यादीपेक्षा मोठं वाटतं.

‘तेव्हा संघच कमी होते’ असं कुणी म्हणेल. होते की. म्हणूनच चेंबरलेनशी गाठही वारंवार पडायची.

ज्या शहराला त्याने हे सगळं दिलं, तिथल्याच एका उपनगरात त्याचं घर फोडलं गेलं, भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या रंगवल्या गेल्या. 1961 मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला सेल्टिक्सच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना हॉटेलात खायला नाकारलं, तेव्हा तो आणि ते सहकारी सामना न खेळताच परतले. 1966 मध्ये तो एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला आणि स्वतः खेळत 1968 व 1969 ची विजेतेपदं आणली. 1972 मध्ये सेल्टिक्सने त्याची 6 नंबरची जर्सी निवृत्त केली (म्हणजे तो नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही), तीही त्याच्या आग्रहावरून प्रेक्षकांना आत सोडण्याआधी, जुन्या सहकाऱ्यांच्या साक्षीने.

1975 मध्ये दिग्गजांचा सन्मान करणाऱ्या बास्केटबॉल हॉल ऑफ फेमने बोलावलं, तर हा गेलाच नाही. आपल्याआधी चक कूपरचा मान होता, असं त्याचं म्हणणं. कूपर म्हणजे एनबीएच्या संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. कूपरला तो मान मिळाला 2019 मध्ये, मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. त्यानंतरच, वयाच्या 85 व्या वर्षी, रसेलने आपली हॉल ऑफ फेमची अंगठी घेतली.