हेडरचा कीस काढायचा की नाही? महाप्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरच्या रिव्ह्यूवरच्या, म्हणजे कुणी पाठवलेला कोडचा बदल (पॅच) तपासण्यावरच्या, लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "इथे महाप्यात आम्ही बोर्ड चालता करून गिऱ्हाइकाला देतो. ड्रायव्हर बिल्ड होतो, सेन्सर वाचतो. मग हेडर कुठलं घेतलं आणि टॅब कुठे चुकला यावरून नवख्या पोरांना पॅच चार-चारदा पाठवायला लावणं म्हणजे नुसता कीस काढणं." टॅबबद्दल तुमचं बरंचसं पटलं. हेडरबद्दल, म्हणजे दुसरीकडच्या व्याख्या आपल्या कोडमध्ये आणणाऱ्या .एच फायलींबद्दल, अजिबात नाही.

"बिल्ड होतो" म्हणजे कुठे? समजा आयटूसीवर (चिप जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवर) बसणाऱ्या तापमानाच्या सेन्सरचा ड्रायव्हर आहे. रजिस्टरमधले बिट काढायला फील्ड-गेट मॅक्रो वापरलाय, पण तो जिथे डिफाइन झालाय ते लिनक्स/बिटफील्ड.एच हेडर घेतलेलं नाही. तुमचा बोर्ड एआरएम-64 प्रोसेसरचा. तिथे एएसएम/सिसरेग.एच स्वतःच्या गरजेसाठी बिटफील्ड.एच ओढतं आणि ते आडवाटेने तुमच्या फायलीत येऊन पडतं. एक्स-86 वर, म्हणजे नेहमीच्या पीसीच्या प्रोसेसरवर, ही वाट नाही. दुसरी एखादी नसेल, तर 'इम्प्लिसिट डिक्लरेशन' (हे नाव आधी कुठे जाहीरच केलेलं नाही) म्हणत बिल्ड तिथेच थांबतं, कारण कर्नलच्या मेकफाइलने (बिल्डचे नियम ठरवणाऱ्या फाइलने) ही वॉर्निंग एरर ठरवली आहे.

एक्स-86 वर तो सेन्सर कोण लावणार, असं तुम्ही म्हणाल. लावत नाहीत, पण आयटूसी सेन्सरचा ड्रायव्हर सहसा एकाच प्रोसेसरला बांधलेला नसतो, त्यामुळे सगळे ड्रायव्हर एकदम बिल्ड करणाऱ्या चाचण्यांत तो तिथेही बिल्ड होतो. उद्या कुणी सिसरेग.एच साफ करताना ती एक ओळ काढली, की तुमची फाइल मोडते आणि निस्तरतो तो, ज्याने तुमचा ड्रायव्हर कधी पाहिलेलाही नाही. दुरुस्ती स्टेबल शाखेत, म्हणजे जुन्या आवृत्तीत, बॅकपोर्ट करतानाही हेच होतं. जुन्या कर्नलमध्ये आडवाटा वेगळ्या असतात.

शिवाय हेडर जागा बदलतात. एएसएम/अनअलाइन्ड.एच 2024 मध्ये, 6.12 च्या वेळी, लिनक्स/अनअलाइन्ड.एच झालं. 6.6 आणि 6.12 दोन्ही दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या. झाडाबाहेर, म्हणजे मुख्य कर्नलच्या कोडबाहेर, ड्रायव्हर सांभाळणाऱ्या तुमच्यासारख्या टीमला 6.6 वरून 6.12 वर उडी मारताना तो फटका बसतोच. झाडातल्या ड्रायव्हरमध्ये ही दुरुस्ती बदल करणाऱ्यानेच करून टाकली.

तपासायचं कसं? हेडर काढून बघणं आणि बिल्ड झालं की "नको होतं" म्हणणं, ही पद्धत चुकीची. त्यातून फक्त आडवाट उघडी आहे एवढंच कळतं. फाइल वरून खाली वाचा, प्रत्येक मॅक्रो आणि फंक्शन कुठे डिफाइन झालंय ते इन्क्लूड फोल्डरमध्ये गिट ग्रेपने (कोडमध्ये शब्द शोधणाऱ्या कमांडने) शोधा आणि तेच हेडर घ्या. जेनमास्कला बिट्स.एच, पीटीआर-एररला एर.एच, डिव्हाइस आयडीच्या तक्त्याला मॉड-डिव्हाइसटेबल.एच. सगळ्यावर उतारा म्हणून कर्नल.एच टाकू नका. ते हळूहळू फोडलं जातंय: मिन-मॅक्स मिनमॅक्स.एचमध्ये गेलं, ॲरे-साइझ त्याच नावाच्या हेडरमध्ये. मग एआरएम-64 आणि एक्स-86 दोन्हीकडे ऑलमॉडकॉन्फिगवर (जवळपास सगळे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून घेणाऱ्या मांडणीवर) डब्ल्यू=1 (जादा वॉर्निंग दाखवणारा पर्याय) लावून बिल्ड करा.

पण अतिरेकही नको. बिटऑप्स.एच घेतलं असेल तर बिट्स.एच वेगळं मागणारा रिव्ह्यूअर चुकतोय, ते त्यातच येतं. तुमच्या हेडर फायलीत स्ट्रक्ट डिव्हाइसचा नुसता पॉइंटर असेल, तर 'स्ट्रक्ट डिव्हाइस;' एवढी ओळ पुरते, हेडर लागत नाही.

आता स्टाइल. आठ अक्षरांचा टॅब ठरलेला आहे, तिथे वाद नाही. ओळीला 80 अक्षरं बरी, पण चेकपॅच (कर्नलची स्टाइल तपासणारी स्क्रिप्ट) 2020 पासून 100 पर्यंत गप्प बसतं. मेसेजची स्ट्रिंग मात्र तोडू नका, ग्रेपला सापडत नाही. हेडरची वर्णानुक्रमे मांडणी मला आवडते. एकच हेडर दोनदा आलेलं चटकन दिसतं आणि दोघांनी शेवटी ओळी जोडून होणारे मर्ज कॉन्फ्लिक्ट कमी होतात. तरी एवढ्यासाठी पॅचची नवी व्हर्जन मागू नये, हे तुमचं म्हणणं मान्य.

प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये) इंटरप्ट आधी मागितलाय आणि त्याच्या हँडलरला लागणारा लॉक नंतर इनिशिअलाइज केलाय, हे सोडून जो फक्त मोकळ्या जागा मोजतो, त्याने रिव्ह्यू केलेलाच नाही. आधी असल्या चुका सांगायच्या आणि हेडरचे सगळे मुद्दे त्याच मेलमध्ये एकदम द्यायचे. ते हप्त्याहप्त्याने आले, की पोरांच्या चार फेऱ्या होतात, आणि तिथे तुमचा राग रास्त आहे.